टिंब

ती जावक टेबलाकडे आली होती ती स्टेपलरच्या पिना मागायला. कारकून पिना शोधायला खणात वाकला, तेवढ्यात समोर उघड्या पडलेल्या रजिस्टरातली शेवटची ओळ तिने उलटी वाचली. लोकांच्या टेबलावरचे कागद पलीकडच्या बाजूने वाचायची तिला अठरा वर्षांची सवय होती; सहायकाच्या नोकरीत डोळे असेच तयार होतात. सभागृह, बाल्कनी, वापरण्यास योग्य. पुढे वेळ, एक वाजून दहा मिनिटं, आणि कागद घेऊन गेलेल्या शिपायाची सही. तिने ओळ पुन्हा वाचली. 'योग्य'च्या पुढे आणखी एक शब्द हवा होता, 'नाही'. पण तिथे रकाना संपत होता. जागा पुरली नाही म्हणून याने तोडला असेल, असं मनाशी म्हणत तिने विचारलं, "पुढचं लिहायचं राहिलं का हो?"

"पुढचं कसलं? योग्य म्हणजे योग्य." कारकुनाने पिनांची डबी तिच्या हातावर ठेवली. "फाईलवर 'तातडीचे' लिहिलं होतं, तुम्ही जेवायला गेला होतात. म्हटलं बाईंची वाट कशाला बघा. साहेबांच्या ट्रेमधून घेतली, वरचा कागद काढला, शिक्का मारला, पाठवला. सही होती की साहेबांची."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. चार वाजता सभागृहाचे दरवाजे उघडणार होते, पाच वाजता शाळेचा गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि वर बाल्कनीत एकशे बारा खुर्च्या होत्या. कारकून काहीतरी विनोद करत होता, साहेबांच्या उजव्या हातालाच पिना पुरत नाहीत असा काहीसा. ऑफिसात तिला सगळे साहेबांचा उजवा हात म्हणत. कौतुकानेच म्हणत. हाताला डोकं असतं का, असा प्रश्न त्यात कुणाला पडत नसे, आणि आजवर तिनेही तो फार लांबवला नव्हता. ती आपल्या टेबलापाशी आली आणि उभीच राहिली.

टिंबाचं कुणालाच माहीत नव्हतं. साहेब नव्याने या इमारत तपासणीच्या ऑफिसात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला हळू आवाजात विचारलं होतं, "बाई, यात सही नेमकी कुठे करायची?" माणूस उंचापुरा, आवाज भारदस्त, बुटांना पॉलिश, एवढ्या मोठ्या माणसाला सहीची जागा सापडू नये याची तिलाच लाज वाटली. तिने पेन्सिलीने कागदाच्या खाली बारीकसं टिंब काढून दिलं. साहेबांनी टिंबावर सही केली, तिने मग रबराने टिंब पुसलं, झालं. पुढे दर कागदावर टिंब आलं. मग कधीतरी वरून विचारणा झाली की निर्णयाला उशीर का होतो, तेव्हा साहेबांनी शक्कल काढली: प्रत्येक इमारतीची दोन्ही पत्रं तयार ठेवत जा, एक योग्य, एक योग्य नाही, मी बघून ठरवीन. बघून म्हणजे टिंब बघून. ज्या पत्रावर टिंब, त्यावर सही. तिच्या पेन्सिलीच्या टोकाने जिने बंद झाले होते, गच्च्या उघडल्या होत्या, एका गोदामाची अख्खी भिंत उतरवली गेली होती. या सगळ्या काळात 'टिंब' हा शब्द दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नव्हता. झाकली मूठ होती, आणि ती कुणाची मूठ, कुणी झाकलेली, हे विचारण्याचं कारण पडलं नव्हतं. साहेब वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसावर नीट रागावता तरी येतं. ते तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत. संत्रं सोलताना साल एकसंध काढत, अर्धं संत्रं तिला देत. कुणी आलं की सांगत, "आमच्या बाईंचं अक्षर बघा, मोत्यासारखं." अक्षर. पदविका तिने बांधकामाची घेतली होती, अक्षराची नव्हे.

आणि काल तिला तो फॉर्म सापडला होता. उपनिरीक्षकाच्या जागेसाठी तिच्या नावाची शिफारस. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी तो तिच्याच टेबलावर ठेवला होता: "बाई, एवढं जरा लिहून आणा." आपलंच कौतुक आपण लिहायचं, मग खाली टिंब काढायचं, मग ते पुसायचं. तिने पेन उचललं होतं आणि ठेवून दिलं होतं. जन्मात चार ओळी तरी या माणसाने स्वतः लिहाव्यात, माझ्याबद्दल लिहाव्यात, असा हट्ट तिच्या मनात उभा राहिला आणि तिने फॉर्म कोराच त्यांच्या ट्रेमध्ये परत ठेवला. ती वाट बघत राहिली. रोज सकाळी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघायची, आज लिहिलं असेल का, म्हणून. काल त्यांचा चष्मा शोधताना खण उघडला तर फॉर्म तिथे होता, वाळलेल्या सालींच्या खाली, मुदत टळून नऊ दिवस झालेला. वरच्या सगळ्या रेघा कोऱ्या, आणि खाली चौकटीत डौलदार सही. लिहून कोण आणणार होतं ते ठरलेलंच होतं. साहेबांनी आपलं काम करून ठेवलं होतं. ती हसली नाही. रडलीही नाही. खण लावून तिने चष्मा टेबलावर ठेवला, आणि आज सकाळी अकरा वाजता सभागृहाची फाईल त्यांच्यापुढे ठेवताना तिने टिंब काढलं नाही.

राहिलं नव्हतं. काढलं नव्हतं. पेन्सिल कानामागेच होती. तिला हवं होतं ते इतकंच, की साहेबांनी हाक मारावी, "बाई, सही कुठे?" आणि तिने दारातून म्हणावं, "वाचून बघा की, साहेब." हे वाक्य तिने रात्रभर घोळवलं होतं, 'की'वर किती जोर द्यायचा तेसुद्धा ठरवलं होतं. मग एक वाजता ती मुद्दामच बाहेर गेली, लांबच्या बाकावर जाऊन डबा खाल्ला. शोधू देत मला, फिरू देत फायली चाळत. दोन वाजता परत आली तर हाक नाही, घंटी नाही. ते वाचतायत, असं तिला वाटलं, आणि लहान मुलीसारखा आनंद झाला. पाऊण तास ती त्या आनंदात बसून होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेब खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. ती आत आली तेव्हा सावरून बसले.

"साहेब, सभागृहाची फाईल."

"केली ना सही." त्यांनी ट्रेकडे बोट केलं. "दोन्हींवर केली."

"दोन्हींवर?"

"टिंब नव्हतं." ते इतकं सहज म्हणाले की जणू रोजच या शब्दाची ऊठबस होती. "मी दोनदा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. म्हटलं बाईंचं अजून ठरत नसेल. तुमच्या मागे घाई कशाला लावा? दोन्हींवर करून ठेवली, म्हणजे ठरलं की तुम्ही पाठवाल त्यातला एक."

ट्रेमध्ये दुसरा कागद होता. वापरण्यास योग्य नाही, खाली तीच सही, तोच डौल, तीच तारीख. तिला काहीतरी ओरडावंसं वाटलं, पण अठरा वर्षांत या खोलीत तिचा आवाज कधी चढला नव्हता आणि आता तो कुठून चढवायचा ते तिला कळेना. हा माणूस तिच्यावर इतका विसंबला होता की त्याला संशयसुद्धा आला नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ.

"साहेब, कारकुनाने योग्यचा कागद पाठवला. बाल्कनी योग्य नाहीये. आज तिथे कार्यक्रम आहे, फोन करा."

"काय सांगू?"

तिने चिठ्ठी लिहिली, नेहमीसारखी. साहेबांनी नंबर लावला, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. "बाल्कनी बंद ठेवा. आधीचा कागद चुकून आला आहे." पलीकडे सभागृहाचा व्यवस्थापक काहीतरी बोलला. साहेबांनी फोनवर हात ठेवला. "का, म्हणतात." तिने लिहिलं: डावीकडून तिसरी तुळई भिंतीत कुजली आहे. साहेबांनी वाचलं. पुन्हा हात. "कुजली म्हणजे किती, म्हणतात. आत्ता पडेल का, म्हणतात." ती लिहू लागली, पण साहेब तोवर ऐकू लागले होते, आणि ऐकताना त्यांचा चेहरा मऊ पडत चालला होता. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. जो शेवटी बोलतो त्याचे होणारे साहेब. "मुख्याध्यापिकाबाई स्वतः आहेत का तिथे... बरं... पासेस वाटलेत, हो, तेही खरंच... नाही, तसं लगेच असं नाही... एक दिवसाचा प्रश्न आहे, बरोबर... चालेल, चालेल." त्यांनी फोन ठेवला आणि सुटका झाल्यासारखं तिच्याकडे बघितलं. "ते म्हणतात आजचा दिवस निभावून नेऊ. उद्या सकाळी बंद करतील."

"साहेब, त्या कागदावर तुमची सही आहे."

"दोन्हींवर आहे," साहेब म्हणाले. आवाजात खरोखरच थोडी आशा होती.

तिने ट्रेमधला कागद उचलला, घडीही न घालता पर्समध्ये कोंबला आणि निघाली. मागून ते म्हणाले, "बाई, मी येऊ का?" ती तोवर दाराबाहेर पडली होती. थांबली असती तर ते आले असते, आणि तिथेही तिलाच चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या असत्या.

रस्त्यावर ऊन होतं आणि लोक रमतगमत चालले होते. तिला प्रत्येकाचा राग आला. ती पळत नव्हती, पण चालणंही म्हणता आलं नसतं. बहिणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बहीण पडद्यामागे असणार, पोरींचे केस बांधत. बहिणीची मुलगी दुसऱ्या रांगेत उभी राहून गाणार होती. सकाळीच बहीण फोनवर म्हणाली होती, "ताई, आईला मी वर बसवतेय. खाली पुढच्या माणसांची डोकी मध्ये येतात, तिला काही दिसत नाही." आणि ती फक्त "बरं" म्हणाली होती. बरं! कारण तेव्हा तिला ठाऊक होतं की बाल्कनीला दुपारपर्यंत कुलूप लागणार, साहेब वाचणार, तिला हाक मारणार, सगळं होणार. आईला हे सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग साहेबांची परीक्षा कसली? म्हणजे आपण आईला पणाला लावलं, असं तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. तो विचार झटकायला गेली तर तो पायात आला आणि फूटपाथच्या कडेला ती अडखळली. एक माणूस म्हणाला, "सावकाश, बाई." तिला त्याला मारावंसं वाटलं. गेल्या गुरुवारी ती त्या बाल्कनीखाली शिडीवर चढली होती. धुळीने शिंका येतात म्हणून साहेब खाली व्यवस्थापकाबरोबर चहा घेत होते. पहिली तुळई ठोकली, भरीव वाजली. दुसरी भरीव. तिसरीचा आवाज आलाच नाही, नुसता हातोडीचा धप्प. तिने भिंतीलगत घराची किल्ली टोचली आणि किल्ली आत गेली, मुठीपर्यंत, शिळ्या पावात जावी तशी. बाहेर काढली तेव्हा दातांत ओला भुसा होता. छपराचं पाणी किती वर्षं तिथे मुरत होतं कुणास ठाऊक. बाहेरून रंग इतका छान होता. शिडीवर उभी असताना तिच्या मनात आलं होतं, हे फक्त मला माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तिला त्याचा थोडा गर्वच वाटला होता.

सभागृहाच्या दारात गर्दी होती. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती, पण दरवाजे आधीच उघडले होते. बाल्कनीकडे जाणारा जिना आतल्या बाजूला होता, आणि जिन्यावर लोक चढत होते, फुलं, पिशव्या, कडेवरची पोरं घेऊन. मधल्या वळणावर तिची आई एका हाताने कठडा धरून दम घेत उभी होती.

"आई, खाली ये."

"आलीस का तू! ये, ये, वर जागा धरू."

"आई, खाली ये म्हणते ना!"

हा आवाज कुठून आला ते तिलाही कळलं नाही. जिना थांबला. लोक वळून बघू लागले. खालून व्यवस्थापक धावत आला, सडसडीत, घामेजलेला माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा. "आता काय झालं? साहेबांशी बोललोय मी." तिने पर्समधून चुरगळलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो वाचला, खिशातून दुसरा काढला, दोन्ही शेजारी धरले. त्याच्यामागे मुख्याध्यापिकाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्हीच बघा. तारीख एक. सही एक. एक म्हणतो योग्य, एक म्हणतो योग्य नाही. वर फोनवर म्हणतात चालेल. मी कुठला खरा मानू?"

"हा."

"कशावरून?"

"तपासणी मी केली. शिडीवर मी चढले होते, तुम्ही आणि साहेब चहा पीत होतात. तिसरी तुळई कुजलीये. किल्ली जाते आत."

"मग पहिला कागद आलाच कसा?"

'चुकून' म्हणता आलं असतं. कारकुनावर टाकता आलं असतं, तो होताच तसा घाईचा. साहेबांवर टाकता आलं असतं, आणि ते तर खरंही ठरलं असतं. खूण करायची राहिली, असं म्हटलं असतं तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. जिन्यावरून आई तिच्याकडे बघत होती.

"कुठल्या कागदावर सही करायची त्याची खूण मी करते. दर वेळी मीच करते," ती म्हणाली. "या वेळी केली नाही. मुद्दाम केली नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू कुठल्या माणसाला आपण इमारती सोपवतो ते त्यांना आत्ताच कळलं होतं. व्यवस्थापक मात्र मुख्य मुद्द्याला धरून होता. "म्हणजे ठरवता तुम्ही. मग या कागदावर तुमची सही कुठंय? उद्या मला कुणी विचारलं की एवढी माणसं तू कुणाच्या सांगण्यावरून हुसकलीस, तर मी काय दाखवू?" त्याने कागद भिंतीवर टेकवला आणि बोट ठेवलं, साहेबांच्या सहीच्या डावीकडे, जिथे लहान अक्षरात छापलं होतं: तपासणी करणार. ती ओळ प्रत्येक कागदावर होती. अठरा वर्षं ती कोरीच जात आली होती, आणि कोरी आहे हे कुणाला दिसत नव्हतं, तिलासुद्धा नाही.

तिचा हात सवयीने कानामागे गेला. पेन्सिलीने तिने त्या कोऱ्या रेघेवर बारीकसं टिंब काढलं. मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. तिने व्यवस्थापकाच्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि त्या टिंबावर आपली सही केली. सही वेडीवाकडी आली. मोत्यासारखी तर मुळीच नव्हती.

लोक उतरले. उतरताना बोलायचं ते बोलले. पास दाखवले, कुणी अरेरावी केली, एका बाईने तिच्या तोंडावर म्हटलं की हाती थोडी सत्ता आली की माणसं अशीच करतात. जिन्याच्या तोंडाला साखळी आणि कुलूप लागलं, कागद शेजारी चिकटवला. खाली दाटीवाटी झाली, निम्मे लोक उभे राहिले. पडद्याच्या कडेतून बहीण आली, आईला कोपऱ्यात खांबामागे बसलेली बघून तिचे डोळे भरले. "एक दिवस, ताई. एकच दिवस तुला गप्प बसवलं नाही?" गाणी सुरू झाली. खांबामुळे आईला नात दिसतच नव्हती. आई डोळे मिटून ऐकत होती. ती स्वतः भिंतीला टेकून वर बघत राहिली. रिकामी बाल्कनी नव्या रंगात झकास दिसत होती, शंभर वर्षं काही होणार नाही अशी. निदान थोडी माती पडावी, असं तिला वाटलं. एक ढलपी. एखादा आवाज. पडावी एकदाची, असंही वाटलं, आणि त्या वाटण्याने तिच्या अंगावर काटा आला. काहीच पडलं नाही. रिकामी होती म्हणून पडली नाही, की पडणारच नव्हती, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. तिचा शब्द होता, बस.

दुसरं गाणं संपता संपता साहेब आले. घामाने डबडबलेले, टाय वाकडा. एवढं अंतर ते चालत आले असावेत. जिन्यापाशी थांबून त्यांनी चष्मा लावला आणि चिकटवलेला कागद वाचायला लागले. ती बघत होती. ते खरोखर वाचत होते, वरच्या पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, मध्ये एकदा मागे जाऊन पुन्हा. खालपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते शेवटच्या ओळीशी वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "टिंब पुसायचं राहिलंय."

"राहू द्या," ती म्हणाली.